कंपनीची रायफल आणि कोल्हापूरचा आवाज

विजूताईंची आणि माझी ओळख पोलिसांनी करून दिली.

कावासाकीत येऊन आम्हाला जेमतेम दोन महिने झाले होते. मंदार, म्हणजे माझा नवरा, दिवसभर कंपनीत आणि मी घरात जपानीच्या पुस्तकातली चित्रं बघत बसलेली, असे ते दिवस. एका दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर समोर पोलीस. मी दार अर्धं लोटून घेतलं. पण त्यानं टोपी काढली, कमरेत वाकला, हसला आणि बोटानं जमीन दाखवून म्हणाला, "शिता नो पातिरु-सान." शिता म्हणजे खाली, एवढं मला येत होतं. खालच्या पातिरु-सानांबद्दल त्याला काहीतरी विचारायचं होतं.

खाली कोणी पाटील राहतात हे मला माहीत होतं, कारण ते रोज ऐकू यायचे. संध्याकाळ झाली की आमच्या जमिनीखालून एक बाईचा आणि एक पुरुषाचा आवाज सुरू व्हायचा. शब्द कळायचे नाहीत, पण "ओ पाटील" एवढं मात्र स्वच्छ यायचं आणि त्यानंतर जे काही चालायचं ते ऐकून पहिल्या आठवड्यात मी मंदारला म्हटलं होतं, हे दोघं काही महिनाअखेरपर्यंत एकत्र राहत नाहीत. मग एकदम दोघांचं खदाखदा हसू आलं आणि मला कॉलेजच्या हॉस्टेलमधली माझी रूममेट आठवली. ती कोल्हापूरची होती आणि आईशी फोनवर "जेवलीस काय" असं विचारायची तेव्हा शेजारच्या खोल्यांतल्या मुली काय झालं म्हणून धावत यायच्या. म्हणजे खाली भांडण नव्हतं. खाली कोल्हापूर होतं.

पोलिसानं दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर आपटली आणि विचारलं, "फूफु-गेंका?" केंका म्हणजे भांडण, हे पुस्तकात चित्रासकट होतं. नवरा-बायकोचं भांडण ऐकू येतं का, असं विचारत होता तो. आता पोलिसासमोर शेजाऱ्यांचं नाव खराब करायचं नाही, हे पुण्यातसुद्धा पाळतात. मला सांगायचं होतं, की अहो, आवाज रोज येतो, पण गैरसमज करून घेऊ नका, त्यांच्याकडे प्रेमानं असंच बोलतात. माझ्याजवळ शब्द होते ते असे: रोज, आवाज, मोठा, भांडण, नाही. ते सगळे मी ओळीनं मांडले. "माइनिची. कोए, ओओकीइ. केंका जा नाइ." आणि मग कारण सांगायला शब्द उरला नाही म्हणून म्हटलं, "कोल्हापूर."

त्याचं पेन थांबलं. "कोरुहापूरु?"

"हाइ," मी ठामपणे म्हटलं. "कोरुहापूरु."

त्यानं ते लिहून घेतलं.

दोन-तीन दिवसांनी पुन्हा बेल वाजली. दारात पन्नाशीच्या आतबाहेरच्या एक बुटक्या बाई. कापलेले केस, ट्रॅकसूट, त्याच्यावर मंगळसूत्र. "वरची तूच काय गं?" त्यांनी विचारलं. "काय सांगितलंस त्या पोलिसाला? मला स्टेशनात बसवून विचारालेत, पातिरु-सान, हा कोरुहापूरु तुम्हाला कधीपासून आहे? त्यावर औषध चालू आहे का?"

मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. पण खालीसुद्धा यांचंच घर होतं. त्या मात्र चपलांच्या कपाटाला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. "मी सांगितलं, जन्मापासून आहे. औषध नाही त्याला," त्या म्हणाल्या आणि घरात आल्या. त्या दिवशी कळलं, की त्यांनी रायफलीच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. इथे बंदूक ठेवायची म्हणजे परीक्षा, डॉक्टरांचा दाखला, मुलाखती आणि वर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी. बाई भांडकुदळ आहे का, पिते का, रडते का. आणि सगळं पार पडलं की एका बंदुकीला एक परवाना. बंदूक बदलली की पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या मूर्खपणानं त्यांचा परवाना अडला नाही हे नशीब. महिन्याभरानं त्यांची रायफल घरी आली. कुठल्याशा जर्मन कंपनीची, कारखान्यात बनलेली, आधी कुणीतरी वापरलेली, नेमबाजीच्या स्पर्धांत वापरतात तशी. कोल्हापुरात कॉलेजात असताना विजूताई एनसीसीत होत्या, तिथे पहिल्यांदा पालथं पडून नेम धरला. मग लग्न, मग पाटलांबरोबर जपान, मग मुलगी. मुलगी शिकायला ओसाकाला गेली आणि बाईंना तो पालथं पडायचा दिवस आठवला. "वीस-बावीस वर्षं कपडे वाळत घालताना मी एक डोळा मिटून समोरच्या गॅलरीतल्या चिमट्यावर नेम धरालोय," त्या म्हणायच्या. "कुणाला सांगणार? खुळी म्हणतील."

"धरालोय" म्हणजे धरत आलोय. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना येतो, जातो, करतो म्हणतात. माझ्या पुणेरी कानाला ते आधी खटकायचं. नंतर मीसुद्धा एकदा मंदारला "आलो रे" म्हटलं आणि तो भांडी घासता घासता थांबला.

रायफल घरी आली त्या दिवशी मी पेटी बघून हात पुढे केला तर त्यांनी माझा हात धरला. "हात लावायचा नाही. सोवळ्यात आहे ती."

मला वाटलं गंमत करतात. गंमत नव्हती. इथल्या कायद्याप्रमाणे जिच्या नावचा परवाना, तिनेच हात लावायचा. पाटलांनीही लावायचा नाही. रायफल भिंतीला पक्क्या केलेल्या लोखंडी कपाटात आणि कपाटाची किल्ली कुठे असते हे नवऱ्यालासुद्धा माहीत असता कामा नये. पाटील म्हणजे सहा फुटी, मिशीवाले, इलेक्ट्रॉनिक्समधले इंजिनियर. ते म्हणायचे, "माझ्या आजीच्या सोवळ्याला निदान मुलं शिवू शकायची." रेल्वे स्टेशनवर विजूताईंना बाथरूमला जायचं झालं तर ती लांबलचक पेटी घेऊन आत जायच्या आणि मी बाहेर त्यांचा डबा धरून उभी. "मी धरते की पेटी," असं मी पहिल्या वेळी म्हटलं होतं. "खुळी का काय तू," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्याबरोबर मी ट्रेननं, मग बसनं, डोंगरातल्या त्या रेंजवर कितीतरी वेळा गेले, पण त्या रायफलीला माझं बोटही लागलं नाही.

मी जायचे ती भडंगासाठी. विजूताई दर वेळी डबाभर भडंग न्यायच्या आणि लेनच्या मागच्या बाकावर मी तो खात बसायची. आणि खरं सांगायचं तर त्यांना गप्प बघायला जायचे. ही बाई घरात, दुकानात, कचरा टाकायच्या जागी, जिथे असेल तिथे बोलत असायची. रेंजवर ते जाडजूड कातडी जॅकेट चढवून पालथी पडली, की एकदम कुणीतरी बटण बंद केल्यासारखी शांत. मला त्यातलं काही कळायचं नाही. दूरवर एक काळा ठिपका, त्यात म्हणे दहा गोल. मग त्या मला समजावायच्या. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, थांबायचं, चाप ओढायचा. "पण फार थांबायचं नाही. श्वास धरून लई वेळ नेम धरला तर हात थरथरतो. मग गोळी मारायचीच नाही. बंदूक खाली घ्यायची, श्वास सोडायचा, पुन्हा पहिल्यापासून."

त्यांचं म्हणणं होतं, की त्यांना जमत नाही. कधी ठिपक्याच्या मधोमध जायची, कधी कुठेतरी कडेला. मान दुखायची. ती रायफल उंच लोकांसाठी बनवलेली. यांचे हात आखूड, मान आखूड. मागचा लाकडी दस्ता, जो खांद्याला आणि गालाला टेकवायचा, तो यांना कुठेच बसायचा नाही. म्हणून त्यावर ठिगळं. योगा मॅटचा तुकडा, बुटातला सोल, शंभर येनच्या दुकानातली दाराला लावायची मऊ पट्टी, त्यावर चिकटपट्टी. दर महिन्याला एक ठिगळ निघायचं आणि दुसरं लागायचं.

"तू ब्लाऊज रेडीमेड घालतेस का शिवून घेतेस?" त्यांनी एकदा बसमध्ये विचारलं.

"शिवून. पुण्यात आमच्या शिंप्याकडे माप आहे."

"मग? ही रेडीमेड आहे. काखेत घट्ट होतंय मला. लोक आपल्या मापाची बांधून घेतात." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पण रेडीमेड घालून घालून अंगाची सवय झाली असंल तर? शिवलेलं आलं आणि त्यातही मारता आलं नाही तर? मग कुणाला नावं ठेवू? कळंना झालंय बघ."

"कळंना झालंय" हे त्यांचं पालुपद. पुढच्या दोन वर्षांत मी ते इतक्या वेळा ऐकलं, की मलाच काही कळेनासं झालं. सकाळी कचऱ्याच्या जागी भेटायच्या आणि म्हणायच्या, ठरलं, बांधूनच घेतो. संध्याकाळी जिन्यात: नको, आहे तीच बरी. मी सकाळी त्यांच्या बाजूनं बोललेली असायची आणि संध्याकाळी माझंच बोलणं मला मागे घ्यावं लागायचं. आणि घेण्याआधी मारून बघावी म्हटलं तर तेही नाही. परवाना नसलेली रायफल हातात घेता येत नाही. "म्हणजे न बघताच पसंत करायची," त्या म्हणाल्या. "पाटलांना निदान मी पोहे देताना बघितलं होतं."

शेवटी त्या हिराता-सानांकडे गेल्या. हिराता-सान म्हणजे रायफलीचे लाकडी दस्ते घडवणारे गृहस्थ, रेंजच्या पलीकडच्या गावात राहायचे. मीही गेले. कारखाना म्हणजे गॅरेजएवढी खोली, भुसा, एक हीटर. त्यांनी विजूताईंना चटईवर पालथं पडायला लावलं आणि माप घ्यायला लागले. हिराता-सानांना बाईला हात लावायचा संकोच, म्हणून टेपचं एक टोक माझ्या हातात. त्यांनी मानेवर धरा म्हटलं की मी मानेवर धरायची, कोपरावर म्हटलं की कोपरावर. डोळा आणि गालाचं हाड यांतलं अंतरसुद्धा मोजलं. विजूताई पालथ्या पडल्या पडल्या मला मराठीत म्हणाल्या, "लग्नाच्या ब्लाऊजलाही कुणी एवढं मोजलं नव्हतं."

मग हिराता-सान म्हणाले, पुढं कामं पुष्कळ आहेत, शिवाय लाकूड मुरायला हवं, दोन वर्षं लागतील. आणि जपानी लोक अवघड गोष्ट विचारण्याआधी घेतात तसा दातांतून श्वास ओढून त्यांनी विचारलं, "दोन वर्षांनी तुम्ही इथेच असाल ना?"

भिंतीवर एक दस्ता टांगलेला होता. सुंदर, अक्रोडाचा. त्याच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, की ज्यांच्यासाठी केला त्यांची बदली झाली, ते परदेशी गेले. दुसऱ्या कुणाला तो बसत नाही. विजूताईंनी तो हातात घेतला, लाकडाला काही सोवळं नसतं, आणि गालाला लावून बघितला. त्यांचा गाल कुठेच टेकेना. त्यांनी तो पुन्हा खिळ्याला अडकवला आणि "कळवतो" म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये त्यांनी डबा उघडला, मला दिला, स्वतः खाल्लं नाही.

घोळ काय होता तो मला दोन-तीन दिवसांनी त्यांच्याकडूनच कळला. पाटील वर्षभरात निवृत्त होणार होते. कोल्हापुरात त्यांची आई, ऐंशीची, धाकट्या मुलाकडे. पाटलांना परत जायचं होतं. ते उघड बोलत नव्हते, पण संध्याकाळी फोनवर तिकडचं हवामान बघायचे. आणि विजूताईंना जायचं नव्हतं. "कोल्हापुरात काय रेंज नाही?" मी विचारलं. "नेमबाजीत तर तुमचं गाव पुढे."

"रेंज आहे की. पण तिथं मी मोठी सून आहे," त्या म्हणाल्या. "घरात सासूबाई, दारात येणारं-जाणारं, मी रेंजवर पालथी पडलोय म्हटलं तर जाऊबाई काय म्हणतील? इथं मी चार नंबरच्या लेनवरची एक बाई आहे. बास. मला कुणी विचारत नाही, कुणाची कोण म्हणून." मग म्हणाल्या, "बांधून घेतो म्हटलं तर मी राहणार असं होतंय. नको म्हटलं तर मी जाणार. मला नुसतं बंदुकीचं ठरवायचं होतं गं."

ओसाकाला मुलीला फोन केला तर ती जपानीत म्हणाली, "दोच्ची देमो ई." कुठलंही चालेल. विजूताईंना त्याचा फार राग आला आणि मग म्हणाल्या, तिचंही बरोबर आहे, तिनं काय सांगायचं.

त्यानंतर खालचा आवाज कमी झाला. आधी मला वाटलं पाटलांना सर्दी झाली असेल. मग लक्षात आलं, "ओ पाटील" ऐकून किती दिवस झाले. संध्याकाळी भांड्यांचा आवाज यायचा, नळाचा यायचा, दार लावल्याचा यायचा. माणसांचा यायचा नाही. मंदार म्हणाला, छान आहे, शांतता. मी त्याच्यावर उगाचच ओरडले. कोणी जमिनीखाली श्वास धरून बसलंय, असं मला वाटायचं.

रेंजवर विजूताई जायच्या, पण भडंग न्यायच्या नाहीत. पाटील जिन्यात भेटले तर "बरं आहे ना" म्हणून पुढे. दोघंही फार नीट वागत होते. ते सगळ्यात वाईट होतं.

अशा वेळी पुन्हा पोलीस आला. परवान्याचं नूतनीकरण होतं. हा दुसरा होता, तरुण, चष्मेवाला. माझं जपानी तोपर्यंत चांगलं झालं होतं. कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानात मी अर्धवेळ काम करायचे आणि गिऱ्हाइकाची तक्रार ऐकून घेता यायची इतपत भाषा आली होती. त्यानं जुन्या कागदात बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, "मागच्या वेळी इथं 'कोरुहापूरु' असं लिहिलंय. रोज मोठा आवाज. ते आता कसं आहे?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. काय सांगणार? खरं तेच सांगितलं. "हल्ली येत नाही. अजिबात आवाज येत नाही."

त्याचा चेहरा उजळला. "शिझुका देसु ने. योकात्ता देसु." शांत आहे तर. बरं झालं. त्यानं काहीतरी खोडलं, वाकला आणि गेला.

मी चप्पल न घालता खाली गेले. विजूताई जेवणाच्या टेबलावर योगा मॅट कापत बसल्या होत्या. पलीकडच्या खोलीत पाटील पेपर वाचत होते, का वाचल्यासारखं करत होते. "आला होता काय पोलीस?" विजूताईंनी विचारलं. "काय म्हणाला?"

"विचारत होता, कोल्हापूर कसं आहे."

"मग?"

"मी म्हटलं, हल्ली आवाज येत नाही. तो म्हणाला, बरं झालं. कागदावरून खोडलं त्यानं."

विजूताई हसायला लागल्या आणि मधेच थांबल्या. कात्री तशीच हातात. पाटील पेपर घेऊन दारात येऊन उभे राहिले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मग विजूताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लई वेळ नेम धरून बसलो आम्ही." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मी निघाले. जिन्याच्या वळणावर पोचले नाही तोवर खालून आलं, "ओ पाटील!" आणि धरण फुटलं.

संध्याकाळभर चाललं ते. मी टीव्ही बंद केला. मंदार म्हणाला, "खाली जाऊन बघू का?" मी म्हटलं, "गप बस. बोलतायत ती." आम्ही दोघं स्वयंपाकघरात खुर्च्या ओढून बसलो, नाटकाला बसतात तसे. नेहमीसारखेच शब्द कळत नव्हते. मधूनच "मोठी सून", मधूनच "आई", मधूनच "दोन वर्षं". एकदा पाटलांचा आवाज इतका चढला, की मी उठून उभी राहिले: "मग तोंड होतं की तुला, बोलायचं!" आणि विजूताईंचा त्याहून वर: "तुम्हाला नव्हतं काय?" मग बराच वेळ कुणीतरी रडत होतं, आणि मला आजही नक्की माहीत नाही, की ते कोण होतं. मग कुकरची शिट्टी झाली.

दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या जागी भेटल्या. डोळे सुजलेले, चेहरा मोकळा. "काय ठरलं?" मी विचारलं.

"पाटील जाणार. मी राहणार. कायमचं नाही. दोन वर्षांनी बघू. सासूबाईंना काय सांगायचं ते पाटील बघणार, माझ्या डोक्यावर नाही टाकणार असं म्हणालेत." बाटल्यांची झाकणं काढून वेगळी टाकत म्हणाल्या, "बरोबर केलं का चूक, कळंना झालंय अजून. पण भांडाय लागलोय."

आणि रायफल? तिचंही त्यांनी असंच केलं. नवी घेतलीच नाही. नळी आणि लोखंड कंपनीचंच ठेवलं आणि लाकूड तेवढं हिराता-सानांकडून आपल्या मापाचं करून घेतलं. "अर्धी रेडीमेड, अर्धी शिवलेली," त्या म्हणाल्या. लाकूड यायला दोन वर्षांपेक्षा जास्तच लागली. आलं तेव्हा, परवान्यावरची लांबी बदलते म्हणून, रायफल पोलिसांत नेऊन मोजून आणली आणि मग आम्ही रेंजवर गेलो. मी बाकावर जीव मुठीत धरून बसलेली. त्यांनी गोळ्या मारल्या, कागद आणून बघितला, मला दाखवला. काही मधोमध, काही कडेला. पूर्वीसारखंच.

"म्हणजे बंदुकीचा दोष नव्हता गं," त्या म्हणाल्या. मला वाटलं आता रडतील. त्यांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. "पण मान दुखत नाही बघ," म्हणाल्या आणि भडंगाचा डबा उघडला.

पाटील तोवर कोल्हापुरात होते. जेवणानंतर त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा आणि आमच्या जमिनीखालून पुन्हा सगळं सुरू व्हायचं. आता तर जास्तच, कारण विजूताईंचा ठाम समज होता, की एवढ्या लांब आवाज पोचवायचा म्हणजे जोरात बोलायला हवं. दोन वर्षांनंतरचं "बघू" दर काही महिन्यांनी पुढे जात होतं. कधी त्या जाऊन यायच्या, कधी पाटील येऊन जायचे. कोण कुठे राहणार हे मला शेवटपर्यंत समजलं नाही, आणि त्यांनाही समजलं असेल असं मला वाटत नाही.

मग मंदारची ओसाकाला बदली झाली. सामान पुढे गेलं होतं. शेवटच्या दिवशी आम्ही बॅगा घेऊन खाली उतरलो तेव्हा विजूताई दारातच उभ्या होत्या, हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी लांबोडकं. टॉवेल काढला तर जुना दस्ता. कंपनीचा. ठिगळं अजून तशीच, चिकटपट्टीच्या कडा काळ्या पडलेल्या.

माझे हात आपोआप मागे गेले.

"धर की," त्या म्हणाल्या. "नुसतं लाकूड आहे. याला सोवळं नाही. खांद्याला लाव बघू."

मी पहिल्यांदाच त्याला हात लावला. वाटलं होतं त्याहून हलकं होतं. त्यांनी दाखवलं तसं खांद्याला टेकवलं, गाल ठेवला. मी त्यांच्यापेक्षा चांगली वीतभर उंच. त्यांनी एकेक करून सगळी ठिगळं उपटून काढली, मला लाकूड पुन्हा खांद्याला टेकवायला लावलं आणि दोन पावलं मागे होऊन एक डोळा मिटून बघितलं.

"तुला बसलं की गं," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं मी तुझीच बंदूक मारत होतो."

मी त्यांना मिठी मारली, मधे ते लाकूड. तेवढ्यात आत फोन वाजला. "पाटील," त्या म्हणाल्या, माझ्या पाठीवर जोरात थाप मारली आणि आत पळाल्या. आम्ही रस्त्यावर आलो तेव्हा त्या गॅलरीत होत्या. एका हातात फोन, तो तोंडासमोर धरलेला, दुसरा हात आमच्याकडे बघून हलवत होत्या आणि ओरडत होत्या ते मात्र आमच्यासाठी नव्हतं. कसल्यातरी गिझरवरून चाललं होतं. अच्छा म्हणायला त्यांनी भांडण थांबवलं नाही आणि मला ते फार बरं वाटलं.

बसथांब्यावर समोरच्या इमारतीतल्या एक जपानी आजी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या काखेतल्या लाकडाकडे बघितलं, मग मान वर करून त्या आवाजाकडे, आणि हळूच, काळजीनं विचारलं, "केंका देसु का?"

आता माझ्याजवळ शब्द भरपूर होते. आवाज मोठा का, भांडण का नाही, कोण कुठे असतं, सगळं मी व्याकरणासकट सांगू शकले असते. मी काखेतलं लाकूड घट्ट धरलं.

"नाही, आजी," मी म्हटलं, चक्क मराठीतच. "कोल्हापूर आहे."